लंकाबाईच्या डाव्या हाताला

प्रिय सायली,

तुझी नोकरीची ऑर्डर आल्याचा निरोप काल मिळाला. आईच्या जागेवर, आईच्याच गँगमध्ये, सोमवारपासून. फोनच करणार होते, पण जे सांगायचंय ते फोनवर माझ्याच्यानं बोलवणार नाही. माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, सावकाश वाच.

तू शाळेत होतीस तेव्हा मी नवऱ्याच्या माघारी त्याच्या जागेवर लासलगावच्या त्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये आले. पेठकडच्या डोंगरातली मी, लग्न होईपर्यंत रूळ पाहिला नव्हता. पहिल्याच दिवशी पहार स्वतःच्या पायावर पाडून घेतली. तुझी आई, आमची लंकाबाई, तेवढी खदखदून हसली. मग माझ्या वाटची खडीही दिवसभर तिनंच ओढली. "पहिल्या दिवशी समद्यांचाच पाय फुटतो, त्यात काय लय मोठं," म्हणाली.

खात्याच्या परीक्षेचं खूळ माझ्या डोक्यात घातलं तेही तिनंच. बारावी शिकलेली बाई टोपली का उचलते, हे तिला पटायचं नाही. मग काय, सगळी गँगच परीक्षेला बसल्यासारखी वागू लागली. मुकादम हिरामणभाऊ रुळाच्या कडेनं चालता चालता मला नियम विचारायचे. दोन महिने जड काम माझ्याकडे येऊ दिलं नाही. मी पहिल्यांदा नापास झाले तेव्हा माझ्या आईनं सुस्कारा सोडला. गँगनं दुसऱ्या दिवशी पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. आज मी नाशिकला पंख्याखाली बसते ती काही एकटीच्या हुशारीवर नाही.

आता जे कोणालाच ठाऊक नाही ते. काम चालू असताना गाडी आली की लांब उभा असलेला माणूस शिट्टी मारतो आणि सगळे बाजूला होतात. एकदा सगळे झाले, लंकाबाई वाकून खडी ओढतच होती. मी दंडाला धरून खेचलं. तिला लांबचं ऐकू येईनासं झालं होतं. मी म्हटलं, सांगून टाक, हलकं काम देतील. तर म्हणाली, "काम जानार नाय गं, पन मानसं जातील. मला दुसरीकडं बसवतील. सायलीच्या बापाच्या मागं ह्यांच्यातच तर जगले मी." मला तिचं म्हणणं समजलं, कारण मीही त्यांच्यातच जगले होते. त्या दिवसापासून मी तिच्या डाव्या हाताला उभी राहू लागले. शिट्टी झाली की तिच्या खांद्याला हात लावायचा. चार वर्षं एकदाही चुकले नाही.

मग मी पास झाले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मला गुलाल लावला, पेढे वाटले. हिरामणभाऊंना बाजूला घेऊन सांगायचं, असं मी ठरवूनच आले होते. लंकाबाईनं लांबूनच ओळखलं आणि 'नको' अशी नुसती मान हलवली. मी गप्प बसले. पुढच्या आठवड्यात फोन करू म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. तिची चहाडी केल्यासारखं होईल, असं मनाला समजावत राहिले. खरं सांगायचं तर नव्या टेबलाच्या नवलाईत मी तिला विसरतही होते. तिसऱ्या महिन्यात ते झालं. शिट्टी वाजली, सगळे बाजूला झाले, आणि तिच्या डाव्या हाताला कोणी नव्हतं.

दीड वर्ष मी तुझ्याकडे येते, तू मावशी म्हणून चहा करतेस, मी पिते. हेही मी तुला कधी सांगितलं नसतं, इतकी मी भित्री आहे. पण काल तुझ्या निरोपात शेवटी लिहिलंयस, "मी आईसारखी बेसावध राहणार नाही, काळजी करू नको." सायली, तुझी आई बेसावध नव्हती. ती माणसांच्या भरवशावर उभी होती, आणि त्यातलं एक माणूस मी होते. त्या गँगमध्ये तू बिनधास्त जा. ती माणसं तुला वाढवतील, फक्त त्यांच्यापासून काही लपवू नकोस. सोमवारी मीही येणार आहे, हिरामणभाऊंना आणि सगळ्यांना हे तोंडानं सांगायला. ते त्यांच्याबरोबर उभं राहून पहिल्यांदा ऐकायची वेळ तुझ्यावर येऊ नये, म्हणून आज लिहिलं.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
मोहिनीमावशी