बायसन ऑन द रोड

बाई, परवा नववीच्या मुलींना घेऊन राधानगरीच्या अभयारण्यात गेले होते. मंगळवार पेठेतल्या आपल्याच शाळेत मी आता इंग्रजी शिकवते आणि युक्तीही तुमचीच वापरते: प्राणी दिसला की त्याच्यावरचा इंग्रजी वाक्प्रचार वहीत लिहायचा. मी शाळेत असताना आमच्या सहलीला तुम्ही सिंह, मगर, हत्ती, सगळ्यांवरच्या वाक्प्रचारांची तयारी करून आला होता. दिसली फक्त माकडं. त्यातलं एक तुमच्या डब्याची पिशवी घेऊन झाडावर चढलं, आणि तुम्ही खालून छत्री उगारून ओरडताय, "मंकी बिझनेस! म्हणजे चावटपणा! लिहून घ्या!" आम्ही लिहून घेतलं. पोळ्या माकडानं खाल्ल्या.

परतताना रस्त्याच्या मधोमध गवा उभा. अर्धा तास तो हलेना आणि ड्रायव्हरमामा हॉर्न वाजवेनात. शेवटी मामांनी मागं वळून विचारलं, "बाई, ह्येच्यावर काय न्हाय व्हय इंग्लिशमधी?" सगळा वर्ग तुमच्याकडं बघायला लागला. तुम्ही चष्मा पुसलात. "आहे की. बायसन ऑन द रोड. म्हणजे असं संकट, जे सगळ्यांना दिसतं, पण हॉर्न वाजवायची कुणाची छाती होत नाही."

"इंग्रजांच्यात गवं हायत?"

"तुम्ही पुढं बघा."

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीतली जाडी डिक्शनरी उघडली. बायसन होता, रस्त्यावर नव्हता. मी कुणाला बोलले नाही. तुमची थाप कुणाला कळू नये असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर ती फक्त मला ठाऊक आहे याची थोडी मजाही वाटली.

परवा पुन्हा गवा आडवा आला आणि मी तुमचं वाक्य जसंच्या तसं ठोकून दिलं. मागच्या सीटवरून एक पोरगी मोबाईल बघत म्हणाली, "मॅडम, गूगलवर असलं काय न्हाय."

"गूगल कधी राधानगरीला आलतं काय?"

गाडी हसली. ती पोरगी हसली नाही. त्या डिक्शनरीसमोर माझंही तोंड तसंच झालं असणार. सोमवारी तिला खरं सांगायचं ठरवलं. पण मग तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाल्यावर भर वर्गात खोटं पाडायचं, हे काही जमेना.

सोमवारी सहलीवरचे निबंध तपासायला घेतले. तिनं शेवटी लिहिलं होतं, दहावीनंतर माझं शिक्षण हा आमच्या घरातला बायसन ऑन द रोड आहे. सगळ्यांना दिसतो, हॉर्न कोणीच वाजवत नाही.

उद्या तिच्या वडिलांना शाळेत बोलावलंय. ते ड्रायव्हरमामांपेक्षा मोठ्या आवाजाचे आहेत म्हणे. बघू. हे पत्र तुम्ही असतात तरी टाकलं नसतं, तुम्ही आधी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्यात. आणि एक राहिलंच. तिच्या निबंधातल्या त्या वाक्याखाली रेघ मारायला लाल पेन उचललं होतं, बाई. बरोबरची खूण केली.