भोंगवलीच्या विहिरीचा आकडा

अण्णा, तुम्ही विहिरी खणायचात, मी यंदाच्या उन्हाळ्यात त्या मोजते आहे. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. भोर तालुक्यातल्या बारा विहिरींची पाणीपातळी दर पंधरवड्याला घ्यायची आणि वहीत लिहायची, एवढं माझं काम. मुलाखतीत विचारलं, खडक ओळखायला कुठं शिकलीस? मी कॉलेजचं नाव सांगितलं. शाळेत घालायच्या आधीपासून तुम्ही मला कामावर न्यायचात, विहिरीतून वर आलेले दगड माझ्या पुढ्यात टाकायचात, हे सांगायचं राहिलं. एकदा मी लांबूनच ‘पाषाण’ म्हणाले, तर तुम्ही माझा हात धरून त्या ढेकळावर दाबलात. ते हातात फुटलं. "हात लावल्याबिगर बोलायचं न्हाई. मुरूम ढासळतो, आन् खाली मानूस असतो." मी पाच वर्षांची होते. तुम्ही गेलात तेव्हा चौथीत. अजूनही कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघते.

पातळी घ्यायची ती मोटार सुरू व्हायच्या आधी, रात्रभरात पाणी भरून आल्यावर. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. दिवसाची असली की मी पहिल्या एसटीने निघते. त्या दिवशी एसटी चुकली. भोंगवलीला पोचले तेव्हा विहिरीच्या मालकीणबाई पाइप गुंडाळत होत्या. "आत्ताच बंद केली मोटार. तळ बघाया आलीस व्हय?" मी हसले, टेप सोडला, आकडा लिहिला. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. पुढच्या विहिरीला उशीर होत होता.

आलेखात ती विहीर एकदम खाली गेली. इंटर्नशिपचे सर खूश. "इथं जमिनीखाली काहीतरी वेगळं आहे. यावरच पोस्टर कर." सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. पोस्टर चांगलं झालं तर पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र देतो म्हणाले. मी पोस्टर करायला घेतलं, रंगसुद्धा ठरवले. पण झोप नीट लागेना. शेवटी परवा लाईट यायच्या आत भोंगवली गाठली. बाई चुलीपुढून उठून आल्या. "परत आलीस? पळून न्हाई जात ती हीर." टेप सोडला. पाणी वर होतं, आजूबाजूच्या विहिरींइतकंच.

काल सरांना सांगितलं, की तो आकडा उपशानंतरचा होता. त्यांनी तो आकडा खोडला. "बरं झालं, वेळेत लक्षात आलं," म्हणाले. मी मान हलवली. शिफारसपत्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

अण्णा, ते माझ्या आत्ता लक्षात आलेलं नाही. बाई बोलल्या तेव्हाच कळलं होतं. नऊ दिवस मी गप्प राहिले, कारण सर माझं नाव घेत होते आणि ते ऐकायला बरं वाटत होतं. सरांना एवढं सांगितलेलं नाही. तुम्ही असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं.