पांढऱ्या काचेचा चष्मा

उकवा, १२ जानेवारी २०२५

प्रिय आम्रपालीताईले धाकट्या वीरेंद्रचा सप्रेम जयभीम. वि. वि. की, माहा फोन बैहरच्या बसमध्ये सीटखाली पडून फुटला. म्हणून हा कागद. कंडक्टर बाबूलालजी हट्ट्याच्या गाडीत ठेवून देतील, स्टँडवरून घेजो.

मी आता चष्मे विकतो. हसू नको. पुठ्ठ्यावर टांगतो अन् आठवडी बाजार फिरतो. इकडचं जंगल पाहून माणूस धंदा विसरते. परवा रस्त्यात अस्वल आडवं गेलं, ड्रायव्हरनं गाडी बंद करून सगळ्याइले चूप बसवलं. हौ, तर चष्मे. गोंदियाच्या ठोक दुकानात दोन जातीचे होते. एक पांढऱ्या काचेचा, जाड, बाजूनं झाकलेला. घातला की माणूस बेडूक दिसते. दुसरा काळा, चकाचक. मी सगळे काळेच उचलले. काळी काच मजबूत राह्यते, गिऱ्हाइकाले बी मी हेच सांगतो.

भाऊजी गेट-ग्रिलच्या दुकानात उघड्या डोळ्यानं कटर चालवते म्हणून तू रडत होती ना. त्यायच्यासाठी एक सोबत ठेवला आहे. ठिणग्याइची चिंता मिटली समज.

तुह्या शिव्याइचा भुकेला,
वीरेंद्र

०

हट्टा, २० जानेवारी २०२५

चि. वीरेंद्रले ताईचा जयभीम अन् आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत. तू जेवतो का, का नुसती अस्वलं पाह्यतो?

चष्मा भेटला. तुह्या भाऊजीइले इतका आवडला की शेजारच्या हळदीले घालून गेले. मी म्हटलं, अंधारात चमच्यानं स्वतःलेच हळद लावसान. पण कामाची गोष्ट वेगळी आहे. दुकानाच्या शेडमध्ये उजेड कमी. काळ्या काचेतून लोखंडावरची खडूची रेघ दिसत नाही, म्हणून कापतानी चष्मा कपाळावर अन् काम झालं की डोळ्यावर. मी डबा घेऊन गेली तवा स्वतः पाह्यलं.

तू तो बेडकाचा पाठव. ते कसे दिसतील याची तुले काहून पडली? लग्न माह्याशी झालं आहे. बालाघाटच्या दुकानात विचारलं तर त्यानं बी काळाच काढून दाखवला. लवकर पाठव, मले त्या आवाजाचीच भीती वाटते.

वाट पाह्यणारी,
तुही ताई

०

मलाजखंड, २९ जानेवारी २०२५

प्रिय ताईले सप्रेम जयभीम. वि. वि. की, पत्र भेटलं. तांब्याची खदान पाह्यली. एवढा मोठा खड्डा की खालचे डंपर मुंग्याइसारखे दिसते. अर्धा दिवस तिथंच गेला.

बाजारात ठेकेदाराचा एक स्टोअरवाला माह्या पुठ्ठ्यासमोर थांबला. चैतराम नाव. त्यानं एका चष्म्याच्या काचेवर अंगठा दाबला, काच वाकली. म्हणे, हे उन्हासाठी, तोंड दाखवासाठी. वेल्डिंगची काळी काच बी वेगळीच येते. कटरले पांढरी काच पाह्यजे, न फुटणारी, कडेनं झाकलेली, दांडीवर मजबुतीचा नंबर कोरलेला. नाकावर घट्ट बसते का तेही पाह्याचं, नाही तर खालून कण शिरते. मले तर लाजच वाटली. तो मले तसा एक मिळवून देतो म्हणाला.

इथं मेळा आहे, चार दिवस धंदा चांगला होईल. तो झाला की मी स्वतःच घेऊन येतो. तोवर भाऊजीइले सांग, काळाच लावा, पण डोळ्यावर. काहीच नसण्यापेक्षा बरा.

येतोच आहे,
वीरेंद्र

०

हट्टा, ११ फेब्रुवारी २०२५

वीरेंद्रले जयभीम.

काहीच नसण्यापेक्षा बरा, हे मी त्यायले वाचून दाखवलं. रोज सकाळी आठवण देत होती. शुक्रवारी त्यायनं माह्या देखत चष्मा कपाळावरून खाली ओढला, हसले, अन् मशीन सुरू केली. चकती तुटली. तुकडा काचेवर बसला अन् काचेचेच काटे झाले. गोंदियाच्या डॉक्टरनं डोळ्यातून लोखंड नाही काढलं, काळं प्लास्टिक काढलं. डावा डोळा गेला. उजव्याले सांभाळा म्हणते.

हे म्हणते, वीरूले सांगू नको, तो पळून जाईल. मी सांगून राह्यली. मेळ्याचे चार दिवस कवाच संपले.

मले माफीचं पत्र लिहू नको, मी वाचणार नाही. तू किती लोकाइच्या डोळ्यावर हे चढवलं ते आठव. जा, अन् उतरवून घे. मग घरी ये.

आम्रपाली

०

उकवा, ९ मार्च २०२५

ताईले जयभीम. भाऊजीइच्या पाया पडतो.

पळालो नाही. पुठ्ठा जाळला अन् विकलं तिथं तिथं परत गेलो. बेचाळीस विकले होते. एकोणीस परत आले. काही लोक हसले, म्हणे, पोलीस मागं लागले काय रे. एका पोरीनं सांगितलं, बाप तो घालून नागपूरले कामाले गेला. बाकीचे कुठं आहेत, मले माहीत नाही. बसच्या खिडकीतून बी आता लोकाइचे डोळेच पाह्यतो.

चैतरामनं पांढरा चष्मा आणून दिला. मी स्वतः दगडावर ठेवून हातोडी मारली, ओरखडा पडला पण फुटला नाही. तो घेऊनच घरी निघालो होतो. जाता जाता इथल्या भैयालालकडे गेलो. तो पाट्या-वरवंट्याले टाकी मारते. त्याचा एक डोळा बारा वर्षांआधीच दगडाची चिपी लागून गेला. माह्याकडून काळा चष्मा घेतलता. मी मागितला, त्यानं काढून दिला, अन् उघड्या डोळ्यानं छिन्नी उचलून पुन्हा ठोकाले लागला. मी समोर उभा होतो ताई. चिपी माह्या गालावर आली.

भाऊजीइचा चष्मा मी त्याले देऊन टाकला.

भाऊजी घरी पडून आहेत, त्यायले एवढ्यात लागत नाही, असं मी धरलं. दुसरा मागवला आहे, दोन हप्ते लागतील. तो हातात आल्याबिगर तोंड कसं दाखवू?

तुहा,
वीरेंद्र

०

हट्टा, १६ मार्च २०२५

चि. वीरेंद्रले जयभीम.

तुहं पत्र मी यायले वाचून दाखवलं. भैयालालची गोष्ट पुन्हा वाचाले लावली. मग म्हणाले, बरोबर केलं पोट्ट्यानं. मी तसं म्हणणार नाही, पण तुले शिवीही देत नाही.

मात्र हे घरी पडून नाहीत. मालकानं निरोप धाडला, येत असाल तर या, नाही तर दुसरा ठेवतो. सोमवारपासून जाऊन राह्यले. कटर सुरू केलं की उरलेला डोळा गच्च मिटून घेते. रेघ मग कोण पाह्यल? म्हणून मी सोबत जाते. समोर बसून सांगते, थोडं डावीकडे, आता सरळ, आता थांबा. पदर तोंडावर घेते, पण डोळे उघडे ठेवा लागते.

दोन मागव. रिकाम्या हातानं आला तरी चालते, पण ये.

तुही ताई,
आम्रपाली