अपवाद वगळता

३ नोव्हेंबर २०२५

आले एकदाची पुण्यात! नागपूरहून निघताना आईने चिवडा, तिळाची चटणी आणि इतक्या सूचना दिल्या की बॅगेपेक्षा त्याच जड झाल्या. कोथरूडला सुनीतीकाकूंकडे खोली मिळाली आहे. दार उघडल्यावर काकूंचं पहिलं वाक्य काय असावं? चपला बाहेर काढायच्या असतात हे तुमच्याकडे शिकवतात का, असं विचारलं. मी म्हटलं, शिकवतात, पण आधी पाणी देतात. काकू हसल्या नाहीत. पाणी मात्र दिलं. जमेल आमचं.

संशोधन संस्था पौड रस्त्यालाच, टेकडीच्या पायथ्याशी. एकदम चकाचक. संचालक दत्तप्रसाद सर स्वतः खाली उतरून आले, सगळी प्रयोगशाळा हिंडून दाखवली. पांढऱ्या कोटावर माझं नाव आधीच शिवून ठेवलं होतं, डॉ. चैताली मेश्राम. कोट घालून फोटो काढला आणि आईला पाठवला. तिने तो अर्ध्या नागपूरला दाखवला असणार. शेजारची कावेरीमावशी तर कंटाळली असेल. आज मी फार म्हणजे फारच खूश आहे.

६ नोव्हेंबर

काम समजलं. शहराबाहेर धामणखिंड नावाचं गाव आहे, त्याच्या वरच्या अंगाला एक रसायनांचा कारखाना. गावात लोकांचे हात थरथरतात, पोटं दुखतात, पोरं सुस्तावलेली असतात. गावकऱ्यांच्या रक्तात शिसं किती आहे ते मोजायचं आणि शहरातल्या निरोगी माणसांच्या रक्ताशी ताडून पाहायचं. गावात जास्त निघालं तर कारखान्याला सांडपाणी थांबवावं लागेल आणि लोकांवर उपचार सुरू होतील. पीएचडी करताना याच कामाची स्वप्नं पाहिली होती की!

एक गोष्ट मात्र खटकली. अभ्यासाचा खर्च कारखानाच करतोय. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, मग काय शनिवारवाड्यासमोर झोळी घेऊन बसायचं? मला हसू आलं. माझ्या वरिष्ठ शर्मिलाताई मात्र तेव्हा मान खाली घालून नळ्या पुसत होत्या.

१२ नोव्हेंबर

धामणखिंडीत पहिला दिवस. कुणीही दंड पुढे करेना. आधी येऊन गेलेल्यांनी रक्त नेलं, निकाल काही कळवला नाही, असं लोकांचं म्हणणं. मग यमुनाबाई पुढे आल्या. वय साठीच्या पलीकडे, दातांच्या मुळाशी निळसर रेघ, हात असा कापतो की बशीतला चहा अंगावर सांडतो. जीभ मात्र कातरीसारखी. माझ्यासमोर फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "आदी तुजं काड, मंग माजं. तुजं रगात लाल हाय का त्ये बगू दे."

सगळं गाव हसलं. मीही हसले, बाही वर केली. शर्मिलाताईंनी माझं रक्त काढलं आणि मग रांगच लागली. कचरू कुंभार, त्याची बायको, सगळे. निघताना यमुनाबाईंनी माझं मनगट धरून विचारलं, निकाल सांगायला तू स्वतः येशील ना? मी म्हटलं, येईन. शब्द दिला.

माझी नळी वाया घालवायची नाही म्हणून शर्मिलाताईंनी ती शहरातल्या निरोगी गटात टाकली. इथे अशीच पद्धत आहे म्हणे. नळीवर नाव नसतं, फक्त नंबर. ओळखीचं माणूस निघालं की मन पाघळतं, म्हणून. मीही आता एक नंबर झाले.

२८ नोव्हेंबर

निकाल आले. कचरूचा आकडा पाहून मला वाटलं मशीन बिघडलंय, म्हणून पुन्हा लावला. तोच आला. यमुनाबाईंचा त्याहून वाईट. या माणसांना आजच दवाखान्यात न्यायला हवं, असं मी सरांना तावातावाने सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या शुक्रवारच्या बैठकीनंतर. बैठकीत काय होतं असं शर्मिलाताईंना विचारलं तर म्हणाल्या, साफसफाई.

५ डिसेंबर

बैठक झाली. डोकं अजून तापलेलं आहे.

हिंमतराव म्हणून एक गृहस्थ आले होते, आमदारांचे मेव्हणे आणि कारखान्याचे संचालक. एकाच माणसाच्या दोन्ही हातांत लाडू. निवडणुका तोंडावर आहेत, गावाला उगाच घाबरवू नका, एवढंच बोलले आणि वेफर्स खात बसले. बाकीचं सरांनी केलं. ते म्हणाले, कुठल्याही अभ्यासात काही आकडे अपवाद असतात, ते वगळायचे. गावातले फार वाढलेले वगळायचे. शहरातले फार कमी तेही वगळायचे, म्हणजे पक्षपात नको. मग दोन्ही गट जवळपास सारखेच दिसतात. कारखाना निर्दोष. किती सोपं!

मी भांडले. अहो, हे अपवाद नाहीत, हाच तर निकाल आहे, असं सगळ्यांसमोर म्हटलं. सर शांतपणे म्हणाले की अंतिम अहवालात सगळे परत घेऊ, हा फक्त कच्चा मसुदा. वगळायच्या नंबरांत यमुनाबाईंचा होता. तो मला पाठ आहे, चिठ्ठी मीच डकवली होती. तो ठेवला तरच सही करेन असं मी ठणकावलं. सरांनी तो लगेच त्या यादीतून खोडला. मला वाटलं, जिंकले. केली सही. बाकीचे नंबर कुणाचे होते ते पाहिलंही नाही.

६ डिसेंबर

सकाळी पांढरी साडी नेसून स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करायला गेले. मोठी रांग. स्वयंसेवक सगळ्यांना मेणबत्त्या देत होते. माझ्या पुढच्या बाईला दिली, मागच्या माणसाला दिली, मला नाही. मागितली तरी नाही. गर्दीत होतं असं, पण मला रागच आला. आजच्या दिवशी तरी!

बसमध्ये कंडक्टरने तिकीटही विचारलं नाही. घरी आल्यावर काकूंना हाक मारली, त्या टीव्ही बघत बसल्या. नक्की माझ्यावर कशावरून तरी चिडल्यात.

८ डिसेंबर

शब्द दिला होता म्हणून निकाल सांगायला धामणखिंडीत गेले.

कचरू त्याच्या अंगणात उभा राहून ओरडत होता. बायको जेवायला वाढत होती, एकच ताट. तो तिच्या तोंडासमोर हात नाचवत होता, ती त्याच्या पलीकडे बघून भाकरी मोडत होती. मला पाहताच तो धावत आला आणि रडायलाच लागला. शुक्रवारपासून कुणी त्याच्याशी बोलत नाही. बायको शेजारणीला सांगते, माझं लग्नच झालं नाही. चाकावरचं त्याचं मडकं तिने उचलून टाकलं, हे कुणी ठेवलं म्हणून.

मला संताप आला. असलं कसलं वाळीत टाकणं! मी त्या बाईला फैलावर घेतलं, चांगलं खडसावलं. तिने वर पाहिलं नाही. तशीच यमुनाबाईंकडे गेले. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांच्यासमोर बसून मी सगळा निकाल सांगितला, दवाखान्यात चला म्हणाले, हात धरला. त्यांनी हात झटकला, माशी हाकलावी तसा. मग रस्त्याकडे बघत शेजारणीला म्हणाल्या, निकाल सांगाया कुनीतरी येनार व्हतं, कुनी न्हाई आलं.

मी त्यांच्यासमोर बसले होते.

मागे वळून पाहिलं तर कचरू माझ्याकडे बघत होता. त्याला आधीच कळलं होतं.

९ डिसेंबर

दारावरचं यंत्र माझं बोट घेत नाही. कुणाच्या तरी मागून आत शिरले. मोठा कॉम्प्युटर उघडून शुक्रवारचे नंबर पाहिले. शहरातल्या गटातला सगळ्यात स्वच्छ आकडा माझा. फारच स्वच्छ. म्हणून वगळला, आणि खाली माझी सही.

इथे मी एकटी नाही. शुक्रवारपर्यंत या व्हरांड्यात कुणी नसायचं. आता बाकांवर, जिन्यात, फ्रीजपाशी माणसं बसलेली आहेत. जुन्या अभ्यासांतली. एक बाई म्हणाली, तिचा अभ्यास एका औषधाचा होता आणि तिला औषध सोसलं नाही. कोण कुठल्या निवडणुकीच्या वेळी वगळलं गेलं ते त्यांना आठवत नाही. शर्मिलाताई त्यांच्यामधून चहाचा कप घेऊन गेल्या. मी त्यांच्या कानाशी ओरडले. त्यांनी पंखा कमी केला.

खूप भीती वाटते आहे. खरंच खूप.

१० डिसेंबर

काकूंनी खोली दुसऱ्या मुलीला दिली. माझ्या वस्तू कचऱ्याच्या डब्याशेजारी. ही वही तिथून उचलली.

आईला फोन लावला. लागला! तिचा आवाज ऐकून मला रडूच फुटलं. म्हटलं, आई, मी चैताली.

आई म्हणाली, "कोण चैताली, बापा? मले एकच लेकरू आहे, प्रज्ञेश. आपण चुकीचा नंबर लावला."

आपण म्हणाली. मला.

११ डिसेंबर

पुन्हा लावला. हॅलो, हॅलो, आवाजच येत नाही, असं म्हणून तिने ठेवला. मी बोलत होते. किंचाळत होते —

दुपारी व्हरांड्यात दत्तप्रसाद सर आले. माणसांमधून वाट काढत, जरा सरकता का, सरकता का, म्हणत. माझ्यासमोर थांबले. त्यांना दिसते मी! त्यांना सगळेच दिसतात. यादी तेच करतात ना, म्हणून. सही करणाऱ्यांना दिसत नाही, आठवतही नाही. सवय होते, म्हणाले. चहा घेणार का, असंही विचारलं.

मी पाया पडले. हो, पडले. परत घ्या म्हटलं.

ते म्हणाले, सोमवारी अहवाल जातो, तोवर एक बदल करता येईल. पण माझा स्वच्छ आकडा परत घेतला की फरक पुन्हा दिसू लागणार. मग गावातला एक मोठा आकडा काढावा लागेल. मोठा आता एकच उरलाय.

"तुम्हीच ठेवून घेतला होता तो, मॅडम. आता तुम्हीच ठरवा."

१२ डिसेंबर

नाही करणार. यमुनाबाई गेल्या की त्या गावात विष आहे हे सांगणारं एकही रक्त उरणार नाही. कुणालाच उपचार नाहीत. पोरंसुद्धा —

नाही म्हणजे नाही.

कचरू चालत इथे आला आहे. फ्रीजपाशी बसतो. काल त्याने विचारलं, मला परत घेतील का. मी सरांचं त्याला सांगितलं नाही.

१३ डिसेंबर

भूक लागत नाही. जिन्यातल्या बाईला स्वतःचं नाव येत नाही. मी माझं मोठ्याने म्हणत बसते. चैताली मेश्राम. चैताली मे— मधेच अडलं. आईचं नाव आधी आठवलं, ललिता, मग माझं.

सर घरी जाताना कागद बाकावर ठेवून गेले. वर पेन.

१४ डिसेंबर

प्रज्ञेशने घराच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. आई, बाबा, तो. बाबांच्या शेजारी माझी जागा असते — तिथे कुणी जागा सोडलेलीच नाही. चिकटून बसलेत. छान हसतायत —

मला घरी जायचंय. मला फक्त घरी —

कचरूने बघितलं. तोंड फिरवलं त्याने.

केली.

माफ कर, यमुनाबाई.

१५ डिसेंबर

आईचा फोन! जेवली का, काय करून राहिली, इतके दिवस फोन का नाही. भरपूर बोलणी खाल्ली, मस्त वाटलं. काकूंनी न मागता पोहे दिले. मला ताप होता म्हणे. असेल. मधलं काही नीट आठवत नाही.

अहवाल गेला. गावात काळजीचं काही नाही, सगळं मर्यादेत. सरांनी मला कायम केलं. व्हरांडा कसा मोकळा, स्वच्छ, कुणी नाही. तरी सर जाताना मधेच तिरके का चालतात कोण जाणे.

आत्ता मागची पानं चाळली. तापात काहीच्या काही लिहिलंय. कुणी कचरू. कुणी यमुनाबाई, पानोपानी. शर्मिलाताईंना विचारलं, अशी बाई अभ्यासात नव्हती, त्या म्हणाल्या. मीही हे नाव कधी ऐकलेलं नाही. पण वाचताना रडू येतंय, थांबतच नाही. आणि शेवटी हे, माफ कर. अक्षर माझंच आहे. कशाबद्दल? मी त्या बाईचं असं काय —