पाचवं नाव

४ फेब्रु. १९३४, रवि. नंदुरबार
आजच्या भाषणाची सुरुवात: 'मंडळीतल्या बायांनो, भावांनो, साहेबांच्या पणजोबाचं नाव आपल्याला पाठ आहे; आपल्या आजोबाचं कुठंच लिहिलेलं नाही.' लोक हेलावले. मिशन कमिटीच्या सेक्रेटरींना रुचलं नाही. तरी आमचे मिशनरी हार्लो साहेब यांचं चरित्र मराठीत लिहायचं काम माझ्याकडेच. साहेब जाऊन सव्वा वर्ष झालं. ईस्टरला चर्चमध्ये त्यांची पाटी बसणार, मुलगी रूथबाई अमेरिकेहून येणार.

७ फेब्रु., बुध.
साहेबांचं घरचं बायबल आलं. मधल्या कोऱ्या पानांवर पिढ्यांचे जन्म-मृत्यू. त्यांच्यात ही रीतच. पणजोबा घोड्यावरून वस्त्यावस्त्यांत उपदेश करणारे पाद्री. आजोबा पाद्री. वडील पाद्री, शिवाय पिठाची गिरणी. मग साहेबांच्या हातचं: पत्नी एलन, तापाने, इथेच. तीन मुलं, एकानेही पाच वर्षं पाहिली नाहीत. रूथच्या नावापुढे मृत्यूची जागा कोरी.
आणि तळाशी, त्याच शाईत: 'बुधा, अकरा महिने.'
साहेबांच्या घरात बुधा?

९ फेब्रु., शुक्र.
सोनाईकडे गेलो. बंगल्यावरची जुनी आया, भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, एकटी राहते. बाईसाहेब तापात होत्या तेव्हा तान्ह्या रूथला हिनेच अंगावर पाजलं. वीस वर्षं प्रवचनात सांगतोय: 'देवाने एक बाई पाठवली.' ती मागच्या रांगेत बसून ऐकत आली.
विचारलं, बुधा कोण. बोरं निवडता निवडताच म्हणाली:
"मन्हा पोऱ्या व्हता. साहेबनी पोरले दूध दिधं, तेले उरनं नही."
डॉक्टरचा हुकूम होता, एकाच लेकराला पाजायचं. बुधा गावी आजीजवळ, बकरीच्या दुधावर. तिथंच गेला. साहेबांनी नाव लिहिलं, पण तिला कधी सांगितलं नाही. तिला वाचता येत नाही. साहेब विसरले, असंच ती धरून चालली होती.
निघताना म्हणाली, "तू बोलस भलता चांगला, मास्तर. नाव तेवढं ऱ्हाई जास."
ते प्रवचन आता...

२० फेब्रु., मंगळ.
कमिटी. पाटीवर साहेबांच्या खाली चार नावं, बाईसाहेब आणि गेलेली तीन मुलं. मी पाचवं सुचवलं, बुधाचं. सेक्रेटरी: "तो कुटुंबातला नव्हता. बाप्तिस्माही झालेला नाही." बायबल टेबलावर उघडं ठेवलं. कुणी वाकून पाहिलं नाही. रूथबाईंना वाईट वाटेल, म्हणे. त्यांना यातलं काही माहीतच नाही.
काम परत करावं? मग दुसरा कुणी लिहील, चार नावांचं.

३१ मार्च, शनि.
रूथबाई आल्या. चाळिशीला टेकलेल्या, केस पिकायला लागलेले. तासभर सोनाईचे हात हातात घेऊन बसल्या. सोनाईने बुधाचं नाव काढलं नाही. मीही नाही. वीस वर्षांचा वक्ता.
पाटी लागली. चार नावं.
आपल्या मंडळीत मयताचं नाव वाचलं की त्याची माणसं उठून उभी राहतात, वाचन संपलं की बसतात. साहेबांसाठी उद्या, ईस्टरला, सगळेच उठतील. सोनाईला म्हटलं, या. म्हणाली, "कोनाकरता उभी ऱ्हाऊ?"
भाषण फाडलं. उद्या दारात उभा राहून प्रत्येकाला एवढंच सांगणार:
चार नावं वाचून होतील. बसू नका. पाचवं वाचेपर्यंत उभे राहा.