चौदाव्या पानावरचा मजकूर

मी, डोरीन हावलिचेक, कै. एम्मेट हावलिचेक यांची पत्नी, वय वर्षे अडुसष्ट, सेवानिवृत्त, राहणार ओडेन्टन, मेरीलँड, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि स्वखुशीने लिहून ठेवते. मला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिली आहे. बुद्धी शाबूत असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते केले तेव्हा मला बऱ्याच गोष्टी माहीत नव्हत्या, आणि माहीत करून घ्यायच्याही नव्हत्या.

माझ्या बहिणीची मुलगी कोरीन स्टाउब हिला मी व्यवस्थापक नेमते. ती हेगर्सटाउनला शाळेत शिकवते. तिच्याकडे सरकारी गुप्त कागद पाहण्याचा परवाना नाही, कधी नव्हता. नेमणुकीचे मुख्य कारण हेच. बँकेतली शिल्लक आणि गाडी तिचीच. कोरीन, गाडीचा डावा मागचा दरवाजा आतून उघडत नाही, सांभाळ.

एम्मेटची सुतारकामाची हत्यारे, रंधे, पटाशा, मोठी करवत, सगळी त्याच्या शाळेच्या कार्यशाळेला द्यावीत. तिथे त्याने सव्वीस वर्षे मुलांना खुर्च्या करायला शिकवले. फक्त हत्यारांच्या पेटीचा खालचा खण रिकामा करून द्यावा. त्यातला कागद माझा आहे, त्याविषयी पुढे लिहिते.

डेल किट्रिज, माझे जुने साहेब, यांना काहीही देऊ नये. अंत्यविधीला येतील, तर येऊ द्यावे. बोलू देऊ नये.

राहते घर, जमिनीसह, प्रिसिला ओडम, राहणार लॉरेल, यांना द्यावे. हे घर त्यांना का, असे नातेवाईक विचारतील, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा एकुलता एक मुलगा गॅरेट सप्टेंबर २००६ मध्ये अफगाणिस्तानात एका डोंगरी चौकीवर मारला गेला. बावीस वर्षांचा होता. सैन्याच्या पत्रात लिहिले होते, शत्रूच्या गोळीबारात, तत्काळ, वेदना न होता. ते पत्र मी चौकटीत लावले.

मी तेव्हा एका सरकारी कार्यालयात गोपनीय कागदांच्या रक्षणाचे काम करत होते. एकतीस वर्षे केले. २०१० च्या उन्हाळ्यात लढाईचे हजारो गुप्त अहवाल फुटले आणि वर्तमानपत्रांत छापून आले. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या सर्वांना एक सूचना गेली: गुप्त कागद पेपरात छापून आला म्हणून तो खुला होत नाही, परवानाधारकांनी तो घरीदारी कुठेही वाचू नये, वाचणाऱ्याची माहिती ताबडतोब द्यावी. ती सूचना मीच लिहिली होती. डेल म्हणाले, "डोरीन, एक शब्द बदलायला नको."

प्रिसिला माझ्या शेजारच्या टेबलावर एकवीस वर्षे बसली. गॅरेटच्या सहाव्या वाढदिवसाचा केक तिने केला होता. त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यापाशी आली, हातात काही नव्हते.

"डोरीन, घरी जाऊन पेपर बघ. चौदावं पान."

"तू वाचलंस?"

"नाव नाहीये. पण तारीख तीच आहे, चौकी तीच आहे. अगं, तुझं पोर आहे ते."

"प्रिसिला, हे तू मला सांगायला नको होतंस."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि आपला डबा घेऊन गेली.

साडेतीन वाजता मी डेलच्या खोलीत जाऊन तिचे नाव दिले. सोमवारी तिचा परवाना गेला, महिनाअखेर नोकरी गेली. आमच्या भागात बहुतेक नोकऱ्या परवान्याच्याच, परवाना गेलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार? ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. मला प्रशस्तिपत्र मिळाले.

तिचे नाव दिले त्याच संध्याकाळी घरी आले तर एम्मेट जेवणाच्या टेबलाशी पेपर उघडून बसला होता. त्याला कसला परवाना, तो काहीही वाचू शकत होता. चष्मा काढून हातात धरलेला.

"डोरीन, बस जरा."

"मला सांगू नकोस."

"अगं, आपल्या गॅरेटचं आहे."

"कळलं. म्हणूनच सांगू नकोस. मार्चमध्ये मला खोटं पकडायच्या यंत्रावर बसवतील. खोटं बोलले तर सुई हलते."

"सुई?" तो म्हणाला. "तू सुईला घाबरतेस?"

मी नोकरीचे सांगितले, माझ्या नोकरीच्या विम्यावर चालणाऱ्या त्याच्या हृदयाच्या औषधांचे सांगितले. ती कारणे खोटी नव्हती. पण आज शपथेवर लिहिते, की मला नियम सोयीचा होता. मी जोवर वाचत नव्हते, तोवर भिंतीवरचे पत्र खरे होते.

त्यानंतर एम्मेटने तो विषय काढला नाही. गॅरेटच्या थडग्यावर मात्र तो एकटा जाऊ लागला. मी येऊ का विचारले, की म्हणायचा, "नको, मला त्याच्याशी बोलायचं असतं." नऊ वर्षे आम्ही एका टेबलावर जेवलो, आणि ती गोष्ट त्याला ठाऊक होती, मला नव्हती. २०१६ मध्ये मी निवृत्त झाले. आता तरी, असे त्याच्या तोंडावर दिसले. मी म्हटले, गुप्ततेच्या शपथेवरची सही जन्मभराची आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये तो इस्पितळात होता. नळ्या लावलेल्या. माझा हात धरून म्हणाला, "आता सांगू?"

मी म्हटले, "नाही."

"बरं," तो म्हणाला. गुरुवारी गेला.

हत्यारे पुसायला घेतली तेव्हा खालच्या खणात पेपरचे ते पान सापडले, लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये नीट दाबून ठेवलेले. वरच्या फळीवर पेन्सिलीने लिहिले होते: डोरीनसाठी. तिला हवे असेल तेव्हाच.

मी उभ्या उभ्या वाचले. चार ओळी आहेत. आपल्याच बाजूची उखळी तोफ, चुकीचा आकडा, गोळा आपल्याच चौकीवर. दोन ठार. एक जागीच. दुसरा चाळीस मिनिटे जिवंत; हेलिकॉप्टर दोनदा मागितले, दोनदा दुसरीकडे वळवले. दोघांपैकी आमचा कोण, ते त्यात नाही. ते कोणीच लिहिलेले नाही. अशा अहवालांचे गठ्ठे मी एकतीस वर्षे कुलपात ठेवले, आणि त्यांतल्या एकाही मिनिटाचा कधी विचार केला नाही.

ती चाळीस मिनिटे एम्मेट नऊ वर्षे एकटा उरावर घेऊन जगला. मी त्याला ती खाली ठेवू दिली नाहीत. या मृत्युपत्रात माझ्यावरचे जे देणे फेडता येत नाही ते हे.

मी नियमाप्रमाणे कार्यालयाला पत्र लिहून माझे स्वतःचे नाव दिले. उत्तर आले नाही. मग लॉरेलला गेले. प्रिसिलाने जाळीचे दार उघडले नाही. आतूनच बोलली.

"वाचलंस वाटतं."

"वाचलं."

"दहा वर्षं लागली तुला."

"प्रिसिला, मी माफी—"

"माफीबिफी राहू दे. एक सांगते, ऐक आणि जा. तू माझं नाव देशील हे मला त्या दिवशी सकाळीच ठाऊक होतं. नवऱ्यालासुद्धा सांगून निघाले होते, की आज नोकरी जाणार. तरी आले. माझं पोर असतं तर मला कोणीतरी सांगायला हवं होतं."

घराचे मी तिला या वर्षी फोनवर सांगितले. ती म्हणाली, "घराला काय चाटायचंय? एकवीस वर्षांची चाकरी परत दे." मी म्हटले, ती माझ्यापाशी नाही. मग म्हणाली, "छत गळतं का?" मी म्हटले, "नाही, एम्मेटने केलंय." एवढेच बोलणे झाले. तिने नाकारल्यास घर विकून येणारे पैसे तिच्याच मुलींना द्यावेत. कोणी वाद घालू नये.

शेवटचे कलम अंत्यविधीचे. मला एम्मेट आणि गॅरेटच्या शेजारी पुरावे. फुले नकोत. पाद्र्यांचे झाले, की कोरीनने पुढे यावे आणि स्पष्ट आवाजात सांगावे: ज्यांच्याकडे परवाना आहे किंवा होता, त्यांनी कृपया फाटकाबाहेर जावे, इथे आता एक कागद वाचला जाणार आहे. आमच्या गावचे लोक आहेत, निम्मे उठून जातील. जाऊ द्यावे. कोणालाही आग्रह करू नये, आणि गेला म्हणून कोणाला नावे ठेवू नयेत. त्यांची पोरे, त्यांची घरे त्या सहीवर उभी आहेत. जाणारे सगळे बाहेर गेले, की त्या चार ओळी, तारखेपासून शेवटच्या शब्दापर्यंत, मोठ्याने वाचाव्यात. कोणीच उरले नाही तरी वाचाव्यात. तिथे आम्ही तिघे असू.

साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही, मला सही करताना फक्त पाहिले आहे. दोघांकडेही परवाना नाही, हे मी विचारून घेतले आहे. अशी दोन माणसे मिळवायला या गावात मला तीन आठवडे लागले.

सही: डोरीन हावलिचेक

साक्षीदार:
१. मार्व्हा टिल्गमन, केशकर्तनालय, ओडेन्टन
२. ऑर्व्हिल प्रुइट, टपालवाटप, ओडेन्टन

स्थळ: ओडेन्टन, मेरीलँड
तारीख: ९ ऑक्टोबर २०२४