जाणार की राहणार

२ सप्टेंबर

शेअरचा भाव पुन्हा घसरला. नवरा चहा ढवळत म्हणाला, "म्हणजे तुमच्या साहेबलोकांना दिलेले शेअर स्वस्त झाले. तुमचा खर्च कमी!" नाही रे बाबा. दिले त्या दिवशीचा भाव धरायचा आणि तोच तीन वर्षांत वाटून महिन्यामहिन्याने खर्चात टाकायचा. नंतर भाव वर जावो नाहीतर मातीत जावो.

"पण पैसे तर कुणी दिलेच नाहीत. खर्च कसला?" — हा शाळेत भूगोल शिकवतो, याला प्रत्येक गोष्ट नकाशावर दिसायला हवी. म्हटलं, पैसे नाही दिले, पण त्यांची तीन वर्षं घेतली की नाही? ती काय फुकट? मग म्हणाला, "आणि मध्येच सोडून गेला तर?" तर त्याला एकही शेअर नाही. आणि आजवर टाकलेला सगळा खर्च उलटवायचा. जणू तो माणूस कधी तिथे राबलाच नाही.

"फारच दुष्ट आहे हे."

दुष्ट नाही, नियम आहे. यावरून डब्याला उशीर झाला आणि भाजीत मीठ टाकायचं राहिलं.

५ सप्टेंबर

महिनाअखेरीला कंपनीचं हिशेबाचं वर्ष संपतं. आज जाणार-राहणार!

हे नाव आमचंच. शेअर मिळणार असलेले वरचे लोक सत्तावीस — त्यातला कोण मुदत पुरी करणार आणि कोण आधीच निघणार, याचा अंदाज धरूनच खर्च काढावा लागतो. मी नावं वाचते, काका निकाल देतात. काका म्हणजे आमचे वित्तप्रमुख. ऑफिसात सगळेच त्यांना काका म्हणतात, मोठे साहेबसुद्धा. अकरा वर्षांपूर्वी मला जमाखर्चातलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हापासून त्यांच्या हाताखाली आहे.

विक्रीप्रमुख? "जाणार. परवा लिफ्टमध्ये मला आधी जाऊ दिलं त्याने." कायद्याच्या बाई? "राहणार. अजून भांडतायत." कारखान्याचे मॅनेजर? "राहणार. घराला फरशी घालतोय." आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतं हे! ऑडिटरांना काय सांगायचं, लिफ्टमुळे?

स्वतःचं नाव आलं की ते नेहमी म्हणतात, "पुढे." आज म्हणाले नाहीत. खिडकीबाहेर पार्किंगकडे बघत बसले. मीच "राहणार" टाकलं, शंभर टक्के, आणि मीच म्हटलं — पुढे.

मध्येच काकूंचा फोन. "निघाले का हो हे?" नाही काकू, मीटिंग आहे. "यांना साधा चहा जमत नाही हो. मी नसते तर काय झालं असतं!" हसले मी. पण आज हा तिसरा फोन, आणि वाक्य तेच.

९ सप्टेंबर

काकूंचे पाच फोन. काकांना सांगितलं तर "बरं" म्हणाले. बस्स, इतकंच.

१२ सप्टेंबर

ऑडिटरबाई आल्या. पंचविशीची पोर, पण नजर सुईसारखी. यादीवर बोट ठेवून म्हणाली, "हे शंभर टक्के कशावरून? त्यांना विचारलंत?"

विचारलं नव्हतं. एकदाही नाही. सव्वादोन वर्षं दर तिमाहीला "राहणार" लिहितेय आणि विचारलं कधीच नाही. काकांना काय विचारायचं? उद्या सूर्य उगवणार का म्हणून विचारतं का कुणी?

गेले केबिनमध्ये. उभ्याउभ्याच विचारलं. म्हणाले, "बस." मग म्हणाले, काकूंना विसरायला होतंय. दीड वर्ष झालं. आता वेग वाढेल म्हणतात डॉक्टर. एखादी थकलेली रक्कम सांगावी तशा सुरात सांगितलं. दिवसा एक बाई असते सोबतीला. तरी काकू फोनपाशी बसून राहतात.

मी बावळटासारखी विचारते, "मग तुम्ही..."

"एकतीस मेला तीन वर्षं भरतात. तू ओळखतेस तो आकडा."

ओळखते. मीच काढलाय. एका बऱ्या घराची किंमत आहे ती, आणि पुढे काकूंची जन्मभराची शुश्रूषा त्यातून व्हायची आहे. पण एकतीस मेच्या एक दिवस आधी निघाले तरी हातात भोपळा. अजून आठ महिने! ते काकूंजवळ बसून काढायचे की इथे?

जिन्यात थांबून रडले. मग तोंड धुतलं आणि ऑडिटरबाईंना सांगितलं, "विचारलं. थांबणार म्हणतात."

१५ सप्टेंबर

वाट सापडली! संचालकांनी ठरवलं तर उरलेली आठ महिन्यांची अट माफ करता येते. काका आज निघाले तरी शेअर त्यांचे. फक्त उरलेला सगळा खर्च याच वर्षाच्या माथी येईल.

गोम इथेच आहे. आम्हा बाकीच्या सव्वीस जणांचे शेअर वेगळ्या अटीचे — या वर्षी नफ्याने ठरलेला आकडा गाठला तरच. (त्या नफ्यात काकांचा खर्च धरतात, आमच्या वाटपाचा स्वतःचा धरत नाहीत. धरला तर कुत्र्याने शेपटीमागे फिरावं तसं होईल.) आज नफा त्या आकड्याच्या जरासा खाली आहे. काका राहिले, तर खालीच राहील. अट माफ केली, तर आणखी खाली. आणि काका रिकाम्या हाताने गेले, तर त्यांचा सव्वादोन वर्षांचा खर्च उलटतो आणि नफा आकड्याच्या वर!

तीनदा करून पाहिलं. उत्तर बदलेना.

सव्वीसात शेवटची ओळ माझी आहे.

१७ सप्टेंबर

एक पानी टिपण करून मोठ्या साहेबांकडे गेले. म्हटलं, अट माफ करा, काकांनी उभं आयुष्य घातलंय इथे. साहेबांनी टिपण वाचलं, चष्मा काढला. "मला फार वाईट वाटतं हो. त्यांनी आता घरी असायला हवं. आराम करायला हवा. मी परवाच म्हटलं त्यांना, जबाबदारीची काळजी करू नका."

काय तो कळवळा! गेल्या आठवड्यात फळांची टोपलीसुद्धा पाठवली म्हणे काकूंना. अकरा वर्षांत या माणसाने कुणाला पेरू दिलेला मला माहीत नाही.

"मग अट?"

"संचालकांपुढे कसं नेणार? एकाला माफ केली की उद्या सगळे येतील." आणि मग अगदी हळू, "तुमचंही नाव आहे ना यादीत?"

अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, आहे, शेवटचं. टिपण तिथेच टेबलावर ठेवून आले.

१८ सप्टेंबर

काकांना कळलं. इतके रागावलेले कधी पाहिले नव्हते. "मी सांगितलं होतं का तुला? माझी कीव करायला कुणी नेमलंय?" मग कोरड्या आवाजात, "मेपर्यंत थांबतोय मी. हा विषय संपला."

मला बोलणी बसली, पण जीव भांड्यात पडला. थांबतायत. आमचे शेअर गेले खड्ड्यात, त्यांचे तरी मिळतील. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आणि काकूंचं काय?" मी त्याच्यावरच खेकसले.

२३ सप्टेंबर

दुपारी रिसेप्शनवरून फोन, एक आजी आल्यात, खाली या. काकू! सोबतीच्या बाईची नजर चुकवून एकट्या चालत आल्या. पायात घरातल्या सपाता, दोन्ही डाव्या पायाच्या. साडी मात्र चापूनचोपून नेसलेली, केस नीट. मी हाक मारली तशा ओळखीचं हसल्या. आवाज ओळखला असावा.

"निघाले का हो हे?"

मी म्हटलं, बोलावते, बसा. तेवढ्यात काका जिना उतरून आले. धापा टाकत. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, जरा सरकून सोफ्यावर जागा दिली, आणि अगदी अदबीने विचारलं, "अहो, आमचे हे निघाले का, जरा बघून सांगाल?"

रिसेप्शनची मुलगी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसली. काका म्हणाले, "बघतो हं." आणि तिथेच काकूंच्या शेजारी बसले. मग काकूच एकदम म्हणाल्या, "इथे काय करताय? चला की घरी!" पुन्हा ओळखलं होतं. गेले दोघं. काकांनी कोटसुद्धा नेला नाही वरून.

२५ सप्टेंबर

सकाळी मला बोलावलं. "यादी काढ."

काढली. म्हणाले, "वाच." मी पहिल्या नावापासून वाचायला लागले तर म्हणाले, "माझंच वाच."

वाचलं.

"जाणार."

मी भांडले. खरंच भांडले, आवाज चढवून. काका, आठ महिने! रजा घ्या, अर्धवेळ या, मी सांभाळते सगळं. त्यावर म्हणाले, "अट पूर्ण वेळेची आहे, तूच वाचून दाखवलीस मला." आणि मग, "मेमध्ये शेअर मिळतील गं. पण मेमध्ये ती कुणाची वाट बघत असेल?"

मी म्हटलं, खर्चाचं काय, काकूंच्या औषधपाण्याचं? "फ्लॅट विकतो. लहान घेऊ. तिला तसंही खोल्या फार होतायत." विचार करून ठेवला होता सगळा. माझ्यासमोर शंभरावर रेघ मारून शून्य केलं, सही केली, आणि म्हणाले, "नोंद नीट उलटव. मी नाही म्हणून गबाळेपणा नको."

३० सप्टेंबर

उलटवली. दोन वर्षांपूर्वीच्या जूनपासूनचा एकेक महिना. नीट केलं, त्यांनी शिकवलं तसंच. वही म्हणते, काका कधी राबलेच नाहीत.

नफा आकड्याच्या वर गेला. मोठे साहेब खोलीखोलीत जाऊन हात मिळवत होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन!" मी हात सोडवून घेतला. पण शेअर घेणार मी. उगाच साधुपणाचा आव नको, घराचे हप्ते आहेत. नवऱ्याने विचारलं, "खूश?" मी म्हटलं, आज बोलू नकोस.

१४ ऑक्टोबर

संध्याकाळी फोन वाजला. काकू. "निघाले का हो हे?" म्हटलं, हो काकू, निघाले. केव्हाच निघाले.

"हो?" मग आवाज बारीक करून, "इथं एक गृहस्थ येऊन बसलेत. सकाळपासून. जातच नाहीत."

मागे कपबशी वाजली.

"असू देत म्हणा," काकू म्हणाल्या. "चहा छान करतात."